बेटावर जायला सोबत

शाळेत पीटी शिकवणाऱ्या बाईला कशाची किळस येऊन चालत नाही. घामानं चिप्प झालेले मोजे, पोरांचे फुटलेले गुडघे, सहलीच्या बसमधल्या उलट्या, सगळं मी हातानं निस्तरलंय. पण आमच्या घरातल्या बैठकीची मात्र मला शिसारी येते. दारव्ह्यात आमच्याकडे कोणाला कुठं जायचं असलं की आधी बैठक बसते. यवतमाळला दाढ काढायला जायचं असलं तरी चार माणसं चहा पिऊन ठरवतात, सोबत कोण जाईल. जाणारी बाई असली तर चहा दोनदा होतो.

माझं जायचं ठरलं होतं ते इंग्लंडातल्या एका बेटावर. अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात माझ्याच खोलीत राहणारी मैत्रीण आता तिकडे फिजिओथेरपिस्ट आहे. दोन वर्षांआधी ती सुटीवर आली तेव्हा आम्ही दोघी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकलो. पायाखाली फळी, कमरेला जाड पट्टा, वर खोलीएवढा पतंग, आणि वारा तुम्हाला पाण्यावरून ओढत नेतो, असा तो खेळ. पहिले काही दिवस मी नुसतं खारट पाणी प्यायले. मग एका सकाळी फळीवर उभी राहिले आणि पडलेच नाही. वारा होता, मी होते आणि कोणी विचारणारं नव्हतं, कुठं चालली म्हणून. रडू आलं मला. समुद्रात रडलेलं कोणाला दिसत नाही, हा एक फायदाच.

तेव्हापासून आमचं फोनवर तेच चालायचं. तिच्या घरापासून गाडीनं थोडक्या वेळात ते बेट लागतं. मधे पूल आहे. ओहोटीला पाणी कमरेएवढंच राहतं, पडलं तरी पाय टेकतात, शिकाऊ माणसाला त्याहून चांगली जागा नाही. वाळू कमी, गोटे जास्त, म्हणून रबरी बूट घालायचे. उन्हाळ्यातही पाणी गार, म्हणून अंगभर रबरी सूट. तिनं माझं माप घेऊन सूट आणूनही ठेवला. मी मे महिन्याची सुटी धरली. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर निवांत. संध्याकाळी पोरं घरी गेली की शाळेच्या मैदानावर शिकाऊ पतंग उडवून दंडाला सवय लावत होते. पगार माझा, सुटी माझी, दंड माझे. ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं.

पण बैठक बसली.

"एकटी?" सासूबाईंनी विचारलं. "सातासमुद्रापलीकडं? अवं, तू कारंज्याले एकटी गेलती तं मले रातभर झोप नाई आली."

नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. मे-जून म्हणजे बियाण्याचा हंगाम, त्याला दुकानातून मान वर करायला फुरसत नसते. तो म्हणाला, "मी तं नाई येऊ शकत. पण कोनी तरी सोबत पायजेच ना, बाप्पा."

आणि मग माझे भासरे बोलले. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांची कापूस-सोयाबीनची अडत आहे आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. आमच्याकडे भासऱ्यांसमोर धाकट्या भावाची बायको डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. तेही तिच्याशी थेट बोलत नाहीत. एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसून आमचं बोलणं सासूबाईंच्या मार्फत चालतं. लग्नाला वीस वर्षं होत आली, या माणसाच्या डोळ्यांचा रंग मला सांगता येणार नाही.

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "लहान्या सूनबाईले सांगा, काळजी करू नका. मी येतो सोबत."

मला वाटलं, आता तरी कोणीतरी हसेल. ज्या माणसासमोर मी पदर पडू द्यायचा नाही, त्याला घेऊन मी अंगाला चिकटणारा रबरी सूट घालायला चालले! आणि तिकडे सासूबाई नसताना हा माणूस माझ्याशी बोलणार कोणाच्या मार्फत? समुद्राच्या? पण हसलं कोणीच नाही. सगळ्यांच्या माना डोलल्या. मोठी जाऊ तर म्हणाली, "मंग तं प्रश्नच मिटला." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघून राह्यला होता.

त्या रात्री मी त्याला सरळ विचारलं, "तुम्हाला काही वाटते का हो?"

"अवं, दादा सोबत असले तं कोनी नाव ठेवत नाई," तो म्हणाला. "तुले जायचंच आहे ना? मंग जा ना अशी."

जायचं होतंच मला. इतकं जायचं होतं की भासऱ्यांची सोबतही मी गिळली. मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "ये तू. त्यांना आम्ही किल्ले-बिल्ले दाखवत ठेवू. तू पाण्यात जा." सख्ख्या बहिणीलाही इतकं पटकन समजलं नसतं.

व्हिसाचे कागद भरायला आम्ही यवतमाळला एका एजंटकडे गेलो. मी माझ्या पगाराची कागदं, शाळेचं रजेचं पत्र, बँकेचं पासबुक, सगळं नीट फाइलीत लावून नेलं होतं. एजंट कागद चाळत होता. भासऱ्यांनी हात पुढे करून माझ्या पगाराची कागदं अलगद उचलली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली.

"हे कायले?" ते एजंटला म्हणाले. "घरच्या बाईच्या पगारावर आम्ही फिरून राह्यलो काय? माझा सातबारा लावा, अडतीचे कागद लावा. दोघायचा खर्च माझा. त्यायच्या नावापुढं लिहा, घरकाम."

घरकाम! हजार पोरांना एका शिट्टीत रांगेत उभी करणारी बाई मी. डोक्यावर पदर होता तरी मी एजंटला म्हटलं, "ते कागद लावा. माझी नोकरी आहे, ती लिहा."

एजंटनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं भासऱ्यांकडे पाहिलं. भासरे भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, "त्यायले म्हना, गरज नाई. आमच्या घरात असं नसते." आणि एजंटनं मला म्हटलं, "मॅडम, मोठे हायत ना सोबत, मंग कायले टेन्शन घेता?"

मी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. तिकडून बियाण्याच्या पिशव्या मोजल्याचा आवाज येत होता. "ठेव ना शांत," तो म्हणाला, "दादायले समजते त्याच्यातलं." दादांना त्याच्यातलं ढेकळं समजत नव्हतं. त्यांना एवढंच समजत होतं की धाकट्या भावाच्या बायकोचा पगार चार परक्या माणसांच्या टेबलावर दिसला तर त्यांची मान खाली जाईल.

निकाल आला. भासऱ्यांना व्हिसा मिळाला. मला नाकारला. कारण लिहिलं होतं ते साधं होतं. या बाईला स्वतःचं उत्पन्न नाही, इथं परत येण्याजोगं तिचं स्वतःचं काही दिसत नाही. इंग्लंडच्या साहेबाचा मी काय राग धरू? त्यानं जे वाचलं तेच लिहिलं.

पुन्हा अर्ज करायला सुटी पुरत नव्हती. मला वाटलं, संपलं, आता काढून ठेवलेली तिकिटं रद्द होतील, सगळे दोन दिवस हळहळतील. पण पुन्हा बैठक बसली, आणि त्या बैठकीत जे झालं ते आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, मळमळल्यावर सुटतं तसं. सासूबाई म्हणाल्या, "तिकीट वाया कायले घालवायचं? एकजन तं जाऊन या." मोठी जाऊ म्हणाली, "नाई तरी यायनं कुठं काय पाह्यलं जिंदगीत!" आणि भासरे भिंतीकडे बघत म्हणाले, "आता सारे म्हनून राह्यले तं जातो बावा."

माझी सोबत म्हणून निघालेला माणूस माझ्याशिवाय निघाला. घरात आठ दिवस तिखट पुऱ्या तळल्या, जवसाची चटणी कुटली, लाडू वळले. वळणाऱ्यांत मीही होते. प्रत्येक लाडू मुठीत असा दाबला की फुटायचा, आणि जाऊ म्हणायची, "अवं, हळू." चौकात कोणीतरी फ्लेक्स लावला. त्यावर भासऱ्यांचा गॉगल घातलेला फोटो, मागे समुद्र, आणि खाली पंधरा जणांचे शुभेच्छुक म्हणून चेहरे. बाजारात जाता-येता दोन्ही वेळा त्याच्याखालून जावं लागायचं. थू!

मी मैत्रिणीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "तू कशाला मागतेस?" पण माणूस घरी उतरणार होता तिच्याच. तिच्या नवऱ्यानं रजा काढून त्यांना फिरवलं. ती बिचारी त्यांना बेटावरही घेऊन गेली. तिथून फोटो आले. भासरे गोट्यांच्या किनाऱ्यावर स्वेटर, कानटोपी आणि मफलर घालून उभे. एका फोटोत तर त्यांनी कोणाची तरी फळी काखेत धरली होती. घरच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. त्यांच्या मागे, दूर पाण्यावर, लाल-पिवळे पतंग दिसत होते. मी बोटांनी फोटो मोठा करकरून फक्त तेच बघितले. एका पतंगाखाली बाई वाटत होती. माझ्यासारखीच जाडजूड, गुडघे वाकवून, वाऱ्याला पाठ देऊन चाललेली. फोन उशीखाली ठेवून मी ढसाढसा रडले. इथं समुद्र नव्हता, त्यामुळे नवऱ्याला दिसलं. त्यानं पाणी आणून दिलं. तेवढंच सुचतं त्याला.

भासरे परत आले त्या दिवशी अख्खा मोहल्ला दारात. बाहेरगावाहून आलेल्याला घरची सून ओवाळते, आणि मोठ्या जावेला नेमका ताप होता. ताट माझ्या हातात आलं. डोक्यावर पदर घेऊन, नजर खाली ठेवून, मी त्यांना ओवाळलं. निरांजन त्यांच्या चेहऱ्यासमोरून तीनदा फिरवलं आणि ताट सासूबाईंच्या हातात दिलं.

आत बसल्यावर कोणीतरी विचारलं, "मंग दादा, बसले का त्या पतंगावर?"

"कायचं बसतो," ते म्हणाले. "पानी असं थंड की विचारू नका. मी तं पायबी नाई टाकला पान्यात. वाराच वारा, बाप्पा! कान फाटून राह्यले होते. काहून जातात लोकं तिथं, मले तं समजलंच नाई." मग भिंतीकडे बघून म्हणाले, "लहान्या सूनबाईले सांगा, बरं झालं नाई आल्या. बायामानसाची जागाच नोहे ते."

सासूबाईंनी ते मला सांगितलं. मी समोरच बसले होते, तरी सांगितलं. सगळे हसले.

मी उठून मागच्या अंगणात गेले आणि न्हाणीजवळ खरोखर ओकले. चूळ भरून वर पाहिलं तर नवरा मागं आला होता. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या लोकांत उठून माझ्यामागं येणं त्याच्या स्वभावात नाही, हे मला माहीत आहे.

"मन नको खाऊ," तो हळूच म्हणाला. "पुढच्या वर्षी नक्की जाजो. दादायलेच घेऊन जाजो सोबत, आता तं त्यायले रस्ता माईत झाला."

त्यानं हे अगदी मनापासून, प्रेमानं म्हटलं होतं, आणि मी खूश होईन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.