गुलाबपाण्याचे सात हंडे

माझ्या प्रत्येक हँडबिलावर एकेक गोवरी थापलेली होती.

कल्याणच्या आळीत मी सकाळी उभा होतो आणि भिंतीमागून भिंत बघत होतो. आदल्या दिवशी खळ लावून चिकटवलेले तीनशे कागद. तीनशे गोवऱ्या. सगळ्या एका मापाच्या, मधोमध पाच बोटं उमटलेल्या. एका ठिकाणी गोवरीखालून आमच्या नटाच्या नावातलं नुसतं ‘राव’ डोकावत होतं. बाकी सगळं शेणाखाली. मी आयुष्यात पुष्कळ गावांची नाराजी पाहिली. एका गावानं माझ्यामागे बैल सोडला होता, आणि तो बैल मला तीन कोस ओळखत आला होता. पण एवढी नीटनेटकी, लिंपून काढलेली नाराजी मी पहिल्यांदाच बघत होतो.

आधी माझं काम सांगतो. मी नाटक कंपनीचा पुढचा माणूस. कंपनी गावात यायच्या दोन दिवस आधी मी पोचायचं, मांडवाची जागा बघायची, हँडबिलं, म्हणजे छापील जाहिराती, भिंतींवर लावायच्या आणि गावात बोलबाला करायचा. या धंद्यात एक जुना नियम आहे. गावात शिरल्यावर तीन गोष्टी विचारायच्या. पाणी कुठं आहे, मामलेदार कसा आहे, आणि कुणाच्या घरी दुःख आहे का. पहिल्या दोन मी विचारल्या. तिसरी राहिली, कारण तोवर मी बोलायला लागलो होतो.

आमचा यशवंतराव त्या वेळी मोठा गाजलेला स्त्रीपार्टी नट. स्त्रीपार्टी म्हणजे बायकांची कामं करणारा पुरुष. वनवासात गेलेल्या राजाची राणी तो करायचा, आणि तो विरहाचं पद म्हणायला लागला की मांडवातले दिवेसुद्धा वात खाली करायचे. ही थाप नाही. निदान पहिलं अर्धं वाक्य तरी नाही. पण नुसत्या गाण्यावर गाव जमत नाही, असं माझं मत. म्हणून ठाण्याला मी हँडबिलात छापून घेतलं, की यशवंतराव रोज पाच हंडे गुलाबपाण्यानं स्नान करतात आणि एकदा नेसलेला शालू पुन्हा अंगाला लावत नाहीत. ठाण्यात लोक नाटकाच्या आधी हंडे बघायला आले. तेव्हा कल्याणसाठी मी सात हंडे छापले.

खरा यशवंता पहाटे विहिरीवर गार पाण्याचे दोन तांबे ओतून घ्यायचा आणि कुळथाच्या पिठल्याला हाक ऐकू येईल इतक्या लांबून ओळखायचा. शालू कंपनीत एकच होता.

आता तिसरी गोष्ट. त्या साली काबूलकडे लढाई चालू होती. कल्याणच्या त्या एका आळीत चौदा घरं, आणि चौदाही घरांतला एकेक माणूस पलटणीबरोबर तिकडे गेलेला. दिवाळीला त्या आळीत पणती लागली नव्हती. आळीच्या तोंडाशी सुभेदारीणबाई राहायच्या. नवरा सुभेदार होता, तो वारलेला. मुलगा लढाईवर. मुलगा परत येईपर्यंत बाईंनी मीठ सोडलं होतं. अळणी जेवणाऱ्या बाईच्या भिंतीवर मी सात हंडे गुलाबपाणी चिकटवून आलो होतो.

कंपनी दुसऱ्या दिवशी गाडीनं उतरली. आमचे मालक अण्णा पुढं, मागं ट्रंका, मागं यशवंता. बाजारपेठेतून आम्ही गेलो आणि दारं अशी मिटत गेली जशी काही आम्ही लाजाळूच्या रानातून चाललो होतो. तेलवाल्यानं दिव्यांना तेल दिलं नाही. मांडवाचे बांबू देणारा घरी नव्हता, म्हणजे होता, पण त्यानं स्वतःच आतून तसं सांगितलं. आणि यशवंता तांब्या घेऊन विहिरीवर गेला, तर पाणी भरणाऱ्या माणसानं पोहरा काढून घेतला. म्हणाला, “तुम्हांला कशाला विहिरीचं पाणी?”

यशवंता रिकामा तांब्या घेऊन परत आला. माझ्याजवळ बसला.

“दाजी, इथं सात सांगितलेस का रे? ठाण्याला पाच होते.”

मी म्हटलं, वाढत्या गावाला वाढती जाहिरात. तो हसला नाही. पंधरा वर्षं त्यानं माझ्या थापांची कधी तक्रार केली नव्हती. तोही कोकणातल्या गरीब घरातून आलेला. त्याचं म्हणणं एवढंच, की आपल्याला बाईच्या वेषात उभं राहू देतात, पदराला कुणी हात घालत नाही, हे नावामुळे. ते नाव आज माझ्यामुळे शेणाखाली होतं.

अण्णांनी मला बोलावून सांगितलं की आजच्या दिवसात गावाचं मन फिरलं नाही तर कंपनी पुढं जाईल आणि मी मागं राहीन. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते पान लावत बोलले.

मी विहिरीवर गेलो. दुपारची वेळ, बाया-पुरुष होते, कट्ट्यावर सुभेदारीणबाई बसलेल्या. मी हात जोडून सांगितलं की गुलाबपाणी खोटं, शालू खोटे, सगळं मी बनवलेलं. आयुष्यात एवढं खरं मी सलग कधी बोललो नव्हतो. कुणाचाही विश्वास बसला नाही. गावचा न्हावी म्हणाला, आता हा झाकायला आलाय. मी गळ्याशपथ म्हटलं, तर तो म्हणाला, गळा चांगलाय, पण शपथ जुनी दिसते.

तेवढ्यात यशवंता आला. हातात तो शालू. त्यानं एक शब्द न बोलता तो सुभेदारीणबाईंच्या समोर कट्ट्यावर पसरला. उलटा. आतली बाजू वर. जरीच्या मागं रफूच रफू. एका पदराला पन्नास ठिकाणी टाके होते, आणि या वेळी पन्नास म्हणजे पन्नासच, मी मोजलेत. बाईंनी त्यावरून हात फिरवला.

“रफू कुणी केलं?”

“मीच.”

“सुई धरायला शिकवलं कुणी?”

“आईनं. तिला वाटायचं, मी मुंबईला जाईन आणि फाटकं घालीन.”

बाई उठल्या. त्यांनी स्वतः पोहरा सोडला, पाणी काढलं आणि यशवंताच्या तांब्यात ओतलं.  मग त्या म्हणाल्या, “पाणी घे. पण नाटक नको. तू वाट बघायचं सोंग करशील, लोक वाहवा म्हणतील, आणि माझी सून घरी भिंतीकडं तोंड करून बसेल. ते नको.”

यशवंता म्हणाला, “नाही करत.” अण्णा मागं उभे होते. त्यांनीही मान डोलावली.

बाई निघाल्या, आणि वळून त्यांनी विचारलं, “लिहिता येतं तुला?”

मग ती गोष्ट कळली. आळीतली पत्रं लिहायचे एक वृद्ध कारकून. ते सगळ्यांना एकच पत्र लिहून द्यायचे. इकडील सर्व मंडळी खुशाल, तिकडील खुशाली कळवावी. सासऱ्यांच्या नावानं, सासऱ्यांसमोर. सुनेनं नवऱ्याला काही सांगायचं तर परक्या पुरुषासमोर तोंड कसं उघडणार? एका घरात लेकरू जन्मलं होतं, तेसुद्धा पत्रात ‘सर्व मंडळी’मध्ये गेलं होतं.

आम्ही उघड्यावरच दोन खांब रोवले आणि आमचा रानाचा पडदा सोडला. चित्रातला वड, चित्रातलं हरीण. पडद्याच्या अलीकडे यशवंता लेखणी घेऊन. पलीकडे बाया, एकेक करून, आणि त्यांच्याशेजारी सुभेदारीणबाई. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा नावं बाईच सांगायच्या. कागद पुरेसा नव्हता. माझी उरलेली हँडबिलं होती, त्यांची मागली बाजू कोरी होती.

बाईंची सून गोदी शेवटी आली.  पडद्यापलीकडून आवाज आला, “लिहा, म्हैस व्याली. रेडकू झालं.” यशवंतानं लिहिलं. 

मला राहवेना. मी त्याच्या कानाशी लागलो, की चंद्र घाल, अश्रू घाल, उशी भिजली घाल. त्यानं लेखणीनंच मला बाजूला सारलं.

पलीकडून गोदी म्हणाली, “लिहा, मी रोज तुमचं ताट मांडते. सासूबाई बघतात. मी म्हणते, चुकून मांडलं.”

यशवंताचा हात थांबला. विरहाची पदं त्यानं शेकडो वेळा म्हटली होती, त्याचे डोळे कधी भरले नव्हते, कारण रंग ओघळतो. त्या दिवशी तोंडाला रंग नव्हता.

मग पलीकडून सुभेदारीणबाईंचा आवाज आला. “पुढं लिही, सासूबाईंना ठाऊक आहे म्हणावं.”

चौदा पत्रं गेली. आम्ही नाटक न करता कल्याण सोडलं. आळीतल्या बायांनी जाताना आमच्या चुलीसाठी गोवऱ्या दिल्या. त्यांतल्या काहींच्या पाठीला माझी जाहिरात चिकटलेली होती.

निघायच्या आधी पडदा गुंडाळायचा होता. मी पलीकडे जाऊन बसलो. म्हटलं, यशवंता, माझंही एक लिही, कोपरीला, घरी. लिही, सर्व खुशाल.

“दाजी, इथं गिऱ्हाईक नाही.”

 माझ्यासारखा माणूस, जो थापेत बैलाला तीन कोस पळवतो, त्याला दोन ओळी सुचेनात. मग म्हटलं, तिला लिही, मी घरी येतो तेव्हा लगेच हाक मारत नाही. दाराबाहेर उभा राहतो. आत ती जात्यावर बसलेली असते, काहीतरी गुणगुणते. मी हाक मारली की ते थांबतं. म्हणून उभा राहतो.

पुढल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा कल्याणला गेलो. गोदीचा नवरा परत आला होता, एका पायानं थोडा अधू. चौदातले सगळे आले नव्हते. मुलाच्या उत्तराचा कागद सुभेदारीणबाईंनी जपून ठेवला होता, तो मला वाचायला दिला. रेडकाची चौकशी होती, ताटाबद्दल दोन ओळी होत्या, त्या मी इथं सांगत नाही. खाली लिहिलं होतं, की पत्राच्या मागली जाहिरात सगळ्या तंबूनं वाचली. नटाला सांगावं, सात हंड्यांतला एक इकडं पाठवून द्यावा, इथं प्यायलाही पाणी नाही.

त्यानंतर मी हंडे कधी छापले नाहीत. तिसरा प्रश्न मात्र सगळ्यांत आधी विचारू लागलो.

आता मी कोपरीतच असतो. माझ्या पत्राबद्दल बायको कधी बोलली नाही. ती गेल्यावर तिच्या पेटीत ते सापडलं, चार घड्या घातलेलं, घड्यांवर झिजलेलं. एवढंच आठवतं, की त्या पत्रानंतर मी दारात हाक मारली तरी तिचं गुणगुणणं थांबायचं नाही. जात्यात टाकलेला दाण्यांचा घास संपेपर्यंत ती दळत राहायची आणि मी उंबऱ्यात उभा राहायचो.

जातं अजून तिथंच आहे. बाजारातून आलो की मी आजही दाराबाहेर थोडा थांबतो. शेजारी विचारतात, काय दाजी, किल्ली हरवली का? मी म्हणतो, हो. थाप मारायची सवय अगदीच सुटलेली नाही.