येशूला बोललेला नवस

सासूबाईंनी नवस बोलण्याआधी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आई, आधी नकाशा तरी बघा. पण तेव्हा कोण कोणाला विचारतंय! माझी सहा वर्षांची मुलगी मेंदूच्या तापानं न्यू जर्सीच्या एका हॉस्पिटलात पडली होती. नऊ दिवस मी आणि नवरा आळीपाळीनं खुर्चीत झोपत होतो, आणि सासूबाई तळमजल्यावरच्या प्रार्थनेच्या खोलीत बसून असायच्या. तिथे गणपती कुठला असायला? येशूची तसबीर होती, मागे तळं आणि एक होडी. ज्याचं गाव त्याचा देव, असं म्हणून त्यांनी हात जोडले. "पोरीला हसतीखेळती घरी जाऊ दे, तुझ्या तळ्याला अनवाणी प्रदक्षिणा घालीन."

पोरगी बरी झाली. उजव्या कानानं थोडं कमी ऐकू येतं, पण बरी झाली. श्रेय डॉक्टरांचं, असं मी म्हणत राहिले. सासूबाईंनी मात्र धोशाच लावला. "नवस फेडला नाही तर पोरीवर येतं गं!" त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या गावच्या महादेवाचं तळं. पूजेआधी त्याला तीन फेऱ्या सहज व्हायच्या. आणि मी, दिवसभर लॅबमध्ये मोजमापं करणारी बाई, मीही तसबिरीतलं ते गॅलिलीचं तळं केवढं ते कधी बघितलं नाही.

पुढच्या जूनमध्ये शेजारच्या अमेरिकन बाईंच्या चर्चची इस्रायलला, त्याच तळ्याकडे, ट्रिप निघाली. सासूबाईंना नुकताच अमेरिकन पासपोर्ट मिळाला होता, त्यामुळे अडायलाही काही कारण उरलं नाही. नवरा मुलीपाशी थांबला. माझी सगळी सुट्टी हॉस्पिटलात संपली होती, ती पुन्हा साठेपर्यंत वर्ष गेलं होतं, आणि आता हे. वैतागूनच निघाले, खोटं कशाला बोलू.

हॉटेल तळ्याकाठीच होतं. सकाळी खिडकीचा पडदा सारला आणि सासूबाई मटकन पलंगावर बसल्या. पलीकडचा किनारा म्हणजे नुसती धुरकट डोंगराची रेघ.

"अगं बाई! हा तर समुद्र आहे."

गाइडला विचारलं तर म्हणाला, भोवतीचा रस्ता तीस मैलांच्या वर आहे. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी तोडगा मीच काढला. बसनं फिरायचं, जिथे थांबेल तिथे त्यांनी अनवाणी चालायचं. देव समजून घेईल. बस उत्तरेला निघाली, तळं उजव्या हाताला आलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पाव आणि माशांच्या चमत्काराचं चर्च झालं, येशूनं उपदेश केला ती टेकडी झाली. ऊन मी म्हणत होतं. सगळी मंडळी गाणी म्हणत, बायबल वाचत. सासूबाई उतरल्या उतरल्या आधी तळं कुठल्या हाताला आहे ते बघायच्या, मग पाय भाजत चालायच्या, आणि त्यांच्या चपला हातात धरून मी मागे. काळ्या दगडांच्या पडक्या गावात, कापरनमला, ग्रुपमधले एक आजोबा डोळे पुसत मला म्हणाले, "तुमच्या घराण्याची श्रद्धा मोठी आहे." माझं डोकं ठणकत होतं. मी थँक्यू म्हटलं.

तिथून बस सुटली आणि सासूबाईंनी माझा दंडच धरला.

"अगं, ही मागे फिरली! तळं डावीकडे आलं!"

गाइड म्हणाला, पुढे आपल्या कार्यक्रमात काही नाही, आता हॉटेल.

दुपारी त्या बादलीत पाय सोडून बसल्या. तळव्यांना टपोरे फोड. "राहू दे गं. माझ्याच्यानं नाही व्हायचं आता. उद्या सकाळी जेरुसलेमला निघायचंय. देवाला कळतं सगळं."

वर्षभर मी त्यांना हेच सांगत होते. आता सुटले म्हणून आडवं व्हायला हवं होतं. अंगात त्राण नव्हतं, डोळे चुरचुरत होते. पण डोळे मिटले की हॉस्पिटलातली ती खाट दिसायची, आणि मनात एकच घोळायचं: अर्धाच फेडलाय. मला माझाच राग आला. शिकलेली बाई, आणि घाबरून घाम फुटला होता.

"आई, उठा. टॅक्सी सांगितलीय. बस जिथून फिरली तिथून पुढे जाऊ."

"तुझा तर यावर विश्वास नाही."

"नाहीच. पण पोरगी माझी आहे."

त्या ओल्या पायांनीच उठल्या.

कापरनमवरून पुढे गेलो, पूर्वेचा किनारा लागला. केळीच्या बागा, उजाड टेकड्या, बघण्यासारखं काही नाही. त्यांना उतरवणं शक्यच नव्हतं. दक्षिणेचं टोक वळेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि त्या मान टाकून झोपल्या होत्या. हॉटेल मैलभरावर आल्यावर मी टॅक्सी थांबवली, चपला काढल्या आणि ड्रायव्हरला म्हटलं, हळूहळू मागून ये. त्यानं वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

डांबर अजून तापलेलं होतं. प्रदक्षिणा घालताना देवाचं नाव घ्यायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. कोणाचं घ्यावं ते सुचेना. म्हणून पावलागणिक मुलीचं नाव घेत गेले.