वाणाची टांगणी

संक्रांतीच्या हळदीकुंकवात मला आजवर मिळालेल्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं, तर ते सगळं प्लॅस्टिकचं भरेल. चहाची गाळणी, साबणाची डबी, पुन्हा चहाची गाळणी, झाकण न बसणारा डबा, आणि परत गाळणी. आमच्या कॉलनीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणा ना कुणाकडे हळदीकुंकू असतं. एकीकडची गाळणी दुसरीला वाण म्हणून खपवावी म्हटलं तर तेही जमत नाही, कारण कुठली गाळणी कुणी दिली हे सगळ्या जणींना पाठ असतं. त्या वर्षी मी ठरवून टाकलं की गाळणी द्यायची नाही. घरी नेल्यावर बाई माळ्यावर टाकणार नाही असं काहीतरी द्यायचं.

कल्पना पुण्यात सुचली, सुनेच्या खोलीत. तिच्या भिंतीवर जाळी लावलेली एक चौकट होती आणि तिच्यावर गळ्यातली, कानातली शिस्तीत लटकत होती. ज्वेलरी ऑर्गनायझर म्हणे. किंमत ऐकून मी ती चौकट भिंतीवरून काढून चारी बाजूंनी बघितली. होतं काय त्यात? चार पट्ट्या, जाळी आणि हूक. आणि आपल्याकडे बायकांचे दागिने कुठे असतात ते मला चांगलं माहीत आहे. खोटे दागिने मिठाईच्या डब्यात, एकमेकांत असे गुंतलेले की लग्नाला जाताना रिक्षात बसून नवऱ्याला गाठी सोडवायला लावावं लागतं. कानातल्याचा एक जोडीदार फ्रिजवर आणि दुसरा देवाला माहीत. मला वाण सापडलं होतं.

शिवाय घरात एका माणसाला कामाला लावायचं होतं. वडील गेल्यावर आईला आम्ही वैरागहून सोलापूरला आणलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. वैरागला ही बाई अख्खी गल्ली चालवायची. कुणाचं बारसं, कुणाचे पापड, कुणाच्या सुनेची कुरबुर, सगळं हिच्याकडे. इथं आली ती मागच्या खोलीत जाऊन बसली. दाराची बेल वाजली की ती आत. कॉलनीतल्या बायका आल्या की आणखी आत. शेजारी जाणं नाही, खाली बाकावर बसणं नाही, आणि हळदीकुंकवाचं तर नावच काढायचं नाही. मी समजवायचे, चिडायचे, परत समजवायचे. ती एवढंच म्हणायची, "बायकांच्या मनात येतं गं. कशाला उगी." माझ्या घरात माझीच आई लपून बसते हे मला सहन होत नव्हतं, आणि त्यावर काय करावं तेही सुचत नव्हतं. बाहेर नाही आली तरी निदान हाताला काम मिळेल, एवढाच माझा हिशेब.

मग मी जुन्या बाजारात गेले. तिथं जुन्या तसबिरींचा एक ढीगच मिळाला. काच कुठलीच धड नव्हती, पण लाकूड जुनं, भारी. आत देवांची कॅलेंडरं होती, कुणाचं टायपिंगचं सर्टिफिकेट होतं, आणि बाकी सगळी भिंतीवर हार घालून टांगलेली माणसं. पगडीवाले, काळी टोपीवाले, नऊवारीतल्या आज्या. विकणारा म्हणाला, माणसं काढून देऊ का, भाव तोच आहे. मी म्हटलं, राहू द्या, घरी काढते. मला लाकडाशी मतलब. लाकूड ते लाकूड, असा माझा स्वच्छ विचार होता. पुढे एका ओळखीच्या बाईच्या दिरांनी बंद पडलेल्या मागावरच्या, सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या दिल्या, त्या चौकटीखाली बांगड्या घालायला. टॉवेलच्या कारखान्यासमोर कटपीस मिळाले. खिडकीची जाळी आणि पितळी हूक भंगारातून आले. हे सगळं मी मागच्या खोलीत आईपुढे ओतलं आणि काचा काढ, फोटो काढून रद्दीत टाक, असं सांगून शाळेला गेले. मी शाळेच्या ऑफिसात आहे. आई "बरं" म्हणाली. आईचं "बरं" म्हणजे होकार नव्हे, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

दोनच दिवसांत कामाची मालकीण बदलली. चौकटी माझ्या, कल्पना माझी, आणि ओरडा मीच खात होते. मी ठोकलेला खिळा आई उपटून काढायची. कांडी गुळगुळीत आहे, बांगड्या घसरतील, टोकाला चिंधी गुंडाळ, म्हणाली. जाळीच्या मागे टॉवेलचं कापड लावायचं हेही तिनंच शोधून काढलं, म्हणजे कानातल्याची दांडी रुतून बसते. आमच्या ह्यांनी हूक एका रेषेत यावेत म्हणून पाण्याची बाटली आडवी ठेवून, एक डोळा मिटून माप घ्यायला सुरुवात केली. त्यांची एक रेष होईपर्यंत आईच्या दोन टांगण्या होत होत्या. टांगणी हा तिचाच शब्द. ऑर्गनायझर तिनं एकदाच म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. आई परत हुकूम सोडायला लागली होती, आणि माझा अंगठा सुजला होता तरी मी मनातून खूश होते.

हळदीकुंकवाच्या रविवारी मात्र आईनं टांगण्या पुसून, रांगेत लावून दिल्या आणि आपली मागच्या खोलीत गेली. मी म्हटलं, आज तरी बाहेर बस, सगळं तुझंच तर आहे. तिनं दार ओढून घेतलं. बायका यायला लागल्या होत्या, भांडायलाही वेळ नव्हता.

टांगण्यांनी बाजी मारली. हे कुठून आणलं, केवढ्याला पडलं, आमच्या जावेला एक मिळेल का, सगळं झालं. माझी मान जरा ताठ होते आहे तेवढ्यात काकूंची पाळी आली. आमच्या कॉलनीत कुठल्या सणाला काय चालतं आणि काय चालत नाही याचा शेवटचा शब्द काकूंचा असतो. त्यांना कुठल्याही वस्तूची पाठ बघितल्याशिवाय चैन पडत नाही. साडी दाखवली तर उलटी करतात, वाटी दिली तर बूड बघतात. त्यांनी टांगणी उलटी केली आणि मागचा पुठ्ठा नखानं दाबला. त्या टांगणीचा पुठ्ठा आईनं बसवलेला, पण खिळे नेमके माझ्या हातचे होते. खिळे सुटले, पुठ्ठा निघाला, आणि पुठ्ठ्यामागून एक पगडीवाले आजोबा घसरून काकूंच्या मांडीवर आले. खाली नाव होतं आणि नावाच्या आधी ठळक अक्षरात कै.

मग एकेक टांगणी उलटी व्हायला लागली. कुणाकडे आजी निघाली, कुणाकडे टोपीवाले, एकीकडे एक अख्खं जोडपं. काकूंनी आजोबांना दोन बोटांनी उचलून टीपॉयवर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "अहो, मयताच्या तसबिरीवर मंगळसूत्र अडकवायचं का आम्ही?"

सगळ्याच अडकल्या होत्या. ती वस्तू घरी न्यायची कुणाची छाती नव्हती, आणि घेतलेलं वाण परत करणं त्याहून वाईट. टांगणी मांडीवर ठेवावी तर पंचाईत, खाली ठेवावी तर पंचाईत. बायका ती हवेत धरून बसल्या होत्या. उद्यापासून कॉलनीत तोंड कसं दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. आई बाहेर आली, सरळ टीपॉयपाशी गेली, आणि आजोबांना उचलून पदरानं पुसायला लागली.

"त्यो मी ठिवलाय मागं," ती काकूंना म्हणाली. "सगळी मीच ठिवल्यात. हिनं सांगितलं रद्दीत टाक. मानूस हाय बाई, रद्दीत कसं टाकू? पोरांनी भितीवरनं काढून बाजारात इकला. आता आपुन बी टाकायचा व्हय? म्हनलं, ऱ्हाऊ दे मागं. तेवडीच दागिन्यास्नी राखण."

पहिली हसली ती शेवटच्या घरातली नवी नवरी. तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मग सगळ्याच सुटल्या. आणि मग जे सुरू झालं ते मी कुठल्याच हळदीकुंकवात बघितलेलं नाही. तुला कोण आलंय, मला कोण आलंय, अशी चौकशी सुरू झाली. नवरीनं सांगून टाकलं की बेडरूमच्या भिंतीवर परका पुरुष नको, आजी असेल तर द्या. एकीला आपल्या टोपीवाल्याची मुद्रा खडूस वाटली. जोडपं मिळालेली मात्र सोडायला तयार नव्हती. ज्या बाईला सर्टिफिकेट आलं होतं ती हिरमुसून बसली, आपल्यालाच तेवढं कुणी नाही म्हणून. आमचे हे स्वयंपाकघरातून पक्कड घेऊन हजर झाले आणि बायका सांगतील तसे पूर्वज बदलून द्यायला लागले. काकूंनी पगडीवाल्यांना लांबून न्याहाळलं आणि म्हणाल्या, चेहरा तसा सालस आहे. मग थोडा विचार करून त्यांनी निकाल दिला की पितर म्हणजे काही अशुभ नव्हे, आणि मागच्या बाजूला असतील तर चालतं. हा नियम माझ्या सोफ्यावर, माझ्या डोळ्यांदेखत तयार झाला. आता तो कॉलनीत पूर्वापार आहे.

या गडबडीत आई कधी बसली ते मला कळलंच नाही. बघते तर ती दोन बायकांच्या मधे, आणि कांडीला चिंधी कशी गुंडाळायची ते नवरीला दाखवते आहे. मी तबक घेऊन ओळीनं निघाले होते. तिच्यापुढे आले आणि करंड्याकडे गेलेला माझा हात थांबला. मला स्वतःचाच संताप आला. आईनं वर बघितलं.

"कुक्कवाचं ऱ्हाऊ दे, ते माजं मी बगीन," ती म्हणाली. "तीळगूळ दे. आन् वाण बी दे की. केलंय कुनी?"

मी दिलं. मला रडू आलं, सगळ्यांसमोर आलं, आणि ते लपवायला मी कुणाला तरी उगाचच आणखी एक लाडू दिला. जाताना काकू दारातून परत वळल्या आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "मावशी, उद्या आमच्याकडे आहे. या." आई म्हणाली, बगू. या "बगू"चा अर्थ मला नक्की माहीत होता. नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत बसून मी दिवसभर भाषणाची तयारी केली. आई, काल किती छान झालं. आई, त्यांनी आपणहून बोलावलंय. आई, माझ्यासाठी म्हणून चल. शेवटी रडायचं, असंही ठरवलं होतं. तावातावानं घरी आले तर दार नुसतं ओढून घेतलेलं. मागच्या खोलीत आई नाही. न्हाणीघरात नाही, गच्चीवर नाही. वर्षभर जी बाई एकटी जिन्याखाली उतरली नाही, ती जाणार कुठे? कुणाला विचारावं ते कळेना, म्हणून काकूंना फोन लावला.

"मावशी? त्या केव्हाच्या आल्यात," काकू म्हणाल्या. मागं बायकांचा गलका चालला होता आणि त्या गलक्यावर चढलेला एक आवाज मला वैरागपासून ओळखीचा होता. काकू जरा थांबल्या, काहीतरी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "त्या म्हणतायत, येताना घराला कुलूप लावून ये म्हणावं."