नर की मादी, नर्सबाईंना विचारा

नर्सबाईंना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. प्रसूतिगृहात चौतीस वर्षं काढली, तेव्हा त्या नर्सबाई होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीच्या लेखी नर्सबाईच. बदललं ते एवढंच, की पूर्वी लोक ‘काय झालं, मुलगा की मुलगी’ म्हणून विचारायचे आणि आता पिंजरा घेऊन दारात उभे राहून ‘नर की मादी’ म्हणून विचारायचे.

हे खूळ भाच्यामुळे लागलं. परदेशी जाताना तो बजी पक्ष्यांची, म्हणजे त्या चिमणीएवढ्या रंगीत पोपटांची, एक जोडी बाईंकडे ठेवून गेला, ‘दोन महिने सांभाळ गं मावशी’ म्हणून. तो गेला तो गेलाच. बाईंना हातावर हात धरून बसायची सवय नव्हती. सकाळ-संध्याकाळ त्या पाखरांसमोर खुर्ची टाकून बसल्या, वहीत टिपत गेल्या, आणि वर्षभरात गल्लीला कळलं की चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची ती मऊ पट्टी पाहून बाई पक्षी ओळखतात. मोठ्या नराची पट्टी निळी, मोठ्या मादीची बिस्किटासारखी तपकिरी. एवढं तर शेंबड्या पोरालाही सांगता येईल. खरी मेख कोवळ्या पिल्लांत असते. त्यात गुलाबी-जांभळं नाक असतं ते नराचं, आणि फिकट निळसर, पण नाकपुडीभोवती पांढरं कडं, ते मादीचं. निळं दिसलं की दुकानदार डोळे मिटून नर म्हणून विकतात आणि तीन महिन्यांनी मालकाच्या हाती तपकिरी नाक येतं.

बाईंचीही एकदा फजिती झाली होती. मुख्याध्यापकांकडच्या दोन पक्ष्यांपैकी पिवळाधमक, लाल डोळ्यांचा, गुलाबी नाकाचा एक त्यांनी ठामपणे मादी ठरवला. त्या रंगाच्या नराचं नाक जन्मभर गुलाबीच राहतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांनी घरट्यासाठी खोकं टांगलं आणि वर्षभर अंड्यांची वाट पाहिली. दोघं नर मात्र एकमेकांना भरवत, मानेची पिसं विंचरत अगदी सुखात होते. तेव्हापासून बाई नाक शेवटी बघू लागल्या. आधी पिंजरा खिडकीत ठेवायचा, स्वतः चहा घ्यायचा, आणि दहा मिनिटं नुसतं बघायचं: कोण कोणाशेजारी बसतो, कोण मान वरखाली करत कोणाला दाणा भरवतो, कोण हलला की दुसरा हलतो. मग नाक.

खरं तर ही पद्धत त्यांची जुनीच. प्रसूतिगृहातही बाहेर ताटकळणाऱ्यांनी ‘काय झालं’ विचारलं की त्या म्हणत, “बाळ झालं. आई बरी आहे.” पुढचं लोकांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगत. हे त्या एका बाळंतिणीपासून शिकल्या. तिला तिसरी मुलगी झाली होती. बाळंतीण बाईंचा हात धरून म्हणाली होती, तासभर तरी बाहेर सांगू नका. बाईंनी तेव्हा तरुणपणाच्या ताठ्यात उत्तर दिलं होतं, की इथे खोटं चालत नाही. आणि बाहेर जाऊन सांगून मोकळ्या झाल्या होत्या. पाच मिनिटांत बाहेरचं बाकडं रिकामं झालं. ती बाई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि तिला पेज भरवायला नर्सबाईंशिवाय कोणी नव्हतं. ते मात्र त्या कधी विसरल्या नाहीत.

एका शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याची मुलगी एकटीच आली. नऊ वर्षांची, हिला जगात आणलं ते बाईंनीच. तिची आई नोकरीसाठी दूरच्या शहरात असायची, दोन-तीन महिन्यांनी यायची. घरात बापलेक दोघंच. मुलीने सगळं एका दमात सांगितलं. रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये एक बजी आहे, तो ‘बसा, बसा’ म्हणतो, आणि ते ऐकायला बाबांची नेहमीची गिऱ्हाइकं तिकडे जायला लागली. म्हणून बाबांनीही दोन पिल्लं आणली. विकणारा म्हणाला दोन्ही नर आहेत, आणि नर नसेल तर महिनाअखेरपर्यंत परत घेईन. पण एकाचं नाक निळं, दुसऱ्याचं जांभळं, त्यामुळे बाबांना संशय आलाय. मादी बोलत नाही म्हणे, ती उद्या परत द्यायची. उद्याच महिना संपतो.

“आजी, दोन्ही नर आहेत असं सांगाल?” मुलगी म्हणाली. “ती दोघं एकमेकांना सोडून झोपत नाहीत.”

बाईंनी तिला वाटीभर शेंगदाणे दिले आणि बघू म्हणून वाटेला लावलं. पण नंतर त्यांचं कशात लक्ष लागेना. पिल्लं साडेचार महिन्यांची. आज ‘दोन्ही नर’ म्हटलं, तर दोनेक महिन्यांनी नाकाचा रंग पालटेपर्यंत कोणी बाईंना खोटं पाडणार नव्हतं, आणि तोवर परत द्यायची मुदत टळलेली असणार. आणि पालटला, तरी मुख्याध्यापकांचं उदाहरण होतंच, चुकतो माणूस. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. एकदा तासभर मागितला होता, तो दिला नाही. आता दोन महिने देऊन टाकू.

रविवारी सकाळी सलून उघडण्याआधी बापलेक पिंजरा घेऊन हजर. सलूनवाला बोलघेवडा, एकाच्या डोक्याला कात्री लावायचा आणि तिघांचं डोकं खायचा. बाईंचा चहा होईतो त्याने पलीकडच्या सलूनवाल्याची सात पिढ्यांची कुंडली मांडली. बाई खिडकीतल्या पिंजऱ्याकडे बघत होत्या. जांभळ्या नाकाचा हिरवा पक्षी दांडीवरून सरकत निळ्या नाकाच्या दुसरीजवळ गेला, चोचीवर चोच दोनदा टकटकली, मान वरखाली केली आणि तिला भरवलं. तिने डोळे अर्धे मिटले. मुलीला पुढे काय होणार ते पाठ होतं. ती पुटपुटली, “आता ती त्याच्या गालाची पिसं नीट करेल.” आणि तसंच झालं.

बाईंनी चष्मा पुसून वाकून नाकं पाहिली. निळीच्या नाकपुड्यांभोवती पांढरी कडी अशी स्पष्ट होती, की चष्म्याशिवायही दिसावीत.

सलूनवाल्याने विचारलं, “मग? जांभळं ते मादी ना?”

दोन्ही नर, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. चौतीस वर्षांची जीभ मात्र वळेना.

“उलटं आहे,” बाई म्हणाल्या. “जांभळा नर. निळं नाक आहे ती मादी.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती पिंजऱ्याच्या तारा मोजल्यासारखी बघत उभी राहिली. प्रसूतिगृहाबाहेरचं ते बाकडं पुन्हा रिकामं होतंय असं बाईंना वाटलं, आणि या वेळी तरुणपणाची सबबही नव्हती.

सलूनवाला खूश झाला. बरं झालं विचारलं, नाहीतर नरच परत करून बसलो असतो, म्हणाला. मग त्याने विचारलं, की हा एकटा ठेवला तर बोलेल ना नक्की?

आता अर्धवट सांगण्यात काही अर्थ नव्हता. बाई म्हणाल्या, “बोलेल. सोबत कोणी नसलं की लवकर शिकतो. माणसाशी बोलतो, कारण दुसरं कोणी उरलेलं नसतं. पण आधी तीन-चार दिवस तिला हाका मारेल. तीही त्या विकणाऱ्याकडे तेच करेल.”

“आणि मग?”

“मग थांबतात.”

“म्हणजे विसरतात.”

“ते मला नाही सांगता येणार. हाका मारायच्या थांबतात, एवढं मी पाहिलंय.”

सलूनवाला गप्प झाला. त्याला गप्प झालेलं गल्लीत कोणी पाहिलं नसेल. हिरवा पक्षी मादीच्या अंगाला टेकून एक पाय पोटात घेऊन बसला होता. सलूनवाला तिकडे बघत राहिला, आणि मग मुलीकडे न बघताच हलक्या आवाजात म्हणाला, “हिची आई नोकरीला गेली तेव्हा ही रोज संध्याकाळी फोनवर रडायची. मग एके दिवशी थांबली. मी सगळ्यांना सांगत सुटलो, सवय झाली पोरीला.”

मुलीने बापाच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं.

त्याने कप बशीत ठेवला, पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि कडी बोटात अडकवली. “चला. दुकान उघडायची वेळ झाली.”

“बाबा, आधी कुठे जायचं?” मुलीने विचारलं.

“घरी. यांना दाणापाणी नको का?” तो म्हणाला. “दुकानात बोलायला मी आहे की. त्या पलीकडच्याला बोलता येत नाही, म्हणून त्याला पाखरू लागतं.”

दोघं जिना उतरून गेली. खाली मुलगी काहीतरी भरभर सांगत होती आणि बाप हो हो करत होता. बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. आज त्यांनी खरं काय ते सांगितलं होतं, आणि या वेळी बाकडं रिकामं झालं नव्हतं, माणसं त्या मादीलाही घरी घेऊन गेली होती.