भेंडाचं घर आणि तिरुनीलक्कुडीची गाय

"घर चाकांवर घालून न्या, मग येते," असं मी रागानं म्हटलं होतं. रागानं म्हटलेलं आमच्या ह्यांना कळत नाही. ह्यांना नुसते शब्द कळतात. तिसऱ्या दिवशी हे सायकलच्या दुकानातनं दोन जुनी चाकं खांद्यावर घालून घरी आले.

जायचं होतं तिरुनीलक्कुडीला. आमच्या कुंभकोणाहून दहा मैलही नसेल. तिथल्या शंकराला तिळाचं तेल घालतात. कितीही घाला, अंगात जिरतं. विष प्यालेला देव, त्याच्या घशाची आग तेलानं निवते म्हणतात. किट्टू झाला तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नवस केला होता की पोराच्या हातनं तेल घालू. किट्टू दोन वर्षांचा झाला तरी मी त्याला गल्लीच्या टोकापलीकडे नेलं नव्हतं. का ते घरात ठाऊक होतं. किट्टूच्या आधी मला एक मुलगी होती. एका लग्नाला गेलो, चत्रात, म्हणजे धर्मशाळेत, उतरलो, तिथलं पाणी प्यालो. सकाळी तिला वांती सुरू झाली. संध्याकाळी ती नव्हती. तेव्हापासून मला चत्र नको, बसमधली गर्दी नको, परक्याची चटई नको, आणि परक्याचं पाणी तर नकोच नको.

तर चाकं आली. त्या दुकानात कुणी एक विलायती मासिक टाकून गेलं होतं, त्यात चित्र होतं. मोटारीमागे जोडलेलं झोपायचं घर, फोमच्या तक्त्यांचं, वरनं कॅनव्हास.

"फोम म्हणजे काय?" मी विचारलं.

"फेस."

"साबणाच्या फेसात निजू का मी पोराला घेऊन?"

"अगं, वाळलेला फेस. हलका. आपल्याकडे मिळत नाही. पण भेंड आहे की!"

भेंड म्हणजे बाशिंगाला लावतात ते, पांढरं, पिसासारखं. इथे त्याची छोटी छोटी देवळं करून विकतात. ह्यांनी त्याच्या काड्यांचे दोन भारे आणले, बांबूचा सांगाडा केला, त्यात काड्या चिकटवून भिंती उभ्या केल्या. मिलिटरीच्या लिलावातलं तंबूचं कापड आणलं. ते भिंतीवर चिकटवायला डिंक कुठला? तर चिंचोक्याची खळ! ह्यांचे आजोबा तंजावरी चित्रं करायचे, फळीवर कापड खळीनंच बसवायचे, म्हणून ह्यांचा तिच्यावर भारी विश्वास. चिंचोके भाजायचे कुणी? मी. भिजवून वाटायचे कुणी? मी. जास्ती चिकटावी म्हणून हे वरनं गूळ आणि तांदळाची पेज घालत होते. माझे हात दुखून आले.

शेवटी ह्यांनी खिशातनं निळ्या खड्यांची पुडी काढली. मोरचूद. खळीत घातलं की किडा लागत नाही.

"ते विष आहे," मी म्हटलं.

"थोडंसंच. आजोबा घालायचे."

"आजोबांची चित्रं कुणी चाटत नव्हतं. हा भिंती चाटतो. त्याला दात येतायत. ते पडलं तर मी ह्या डब्यात पाय घालणार नाही."

ह्यांनी निळे खडे एकेक करून परत बांधले. मग पुडी परत खिशात गेली.

रंग निम्म्यातच संपला, म्हणून पुढची बाजू हिरवी आणि बाकी कोरी. शेजारच्या मामी बघून म्हणाल्या, "कणगी छान झालीय हो, किती पोती मावतील?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोंगल झाल्यावर निघालो. पुढे सायकल, मागे घर, घरात मी नि किट्टू, उकळलेल्या पाण्याची दोन मडकी, दहीभात, चटई. मी म्हटलं, मी चालते, तुम्हांला ओझं होईल. तर हे म्हणाले, "बस तू. तू उतरलीस की ते वाऱ्यानं उडतं." इतकं हलकं केलं होतं की दोन माणसं वजन म्हणून पाहिजेत! तुम्ही कुणी करणार असाल तर खाली विटा ठेवा, बायको ठेवू नका.

रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना झाडं, मागे शेतं. पण ह्या दिवसांत लोक भाताच्या पेंढ्या रस्त्यावरच पसरतात, गाड्यांनी मळणी होते म्हणून. आमच्या चाकांत काड गुंतायचं. हे उतरायचे, काढायचे, चढायचे. तिरुविसनल्लूरकडे वळून मठातली विहीर, गंगा आली म्हणतात ती, बघू, असं ह्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, विहीर घरी आहे. वाटेत कॉफीचं दुकान लागलं. एका आण्यात पेलाभर कॉफी, वास तर असा! "उकळलेलीच असते," हे म्हणाले. "पेला कुणी उकळला?" मी म्हटलं. एकट्यानं प्याले.

दुपारी गोविंदपुरम्. तिथल्या स्वामींच्या अधिष्ठानापाशी, म्हणजे समाधीपाशी, भजन चाललं होतं, त्यात दोन अभंग आपल्या भाषेतले. दूरच्या गावात घरचं कुणी भेटावं तसं वाटलं. पण बसले लांबच. किट्टू टाळ्या वाजवत पुढे सरकायचा, मी लंगोट धरून मागे ओढायची. मुक्काम तिथेच, आमच्या घरात. मी पडल्या पडल्या त्याच्या पोटावर हात ठेवून गरम आहे का बघत होते.

सकाळी उठले तर घराला आंबट वास. दवानं कापड ओलं झालं होतं, खळ सुटून फुगे आले होते, आणि मुंग्यांची रांग बांबूवरनं थेट किट्टूच्या पायाशी. दोन चावल्या. तो रडतोय आणि हे भिंतीवरचा फुगा तळहातानं दाबतायत!

"आधी पोराला बघा."

"बघतोय. तू जरा हे धरतेस का?"

तसेच निघालो. दिवस वर यायच्या आत तिरुनीलक्कुडीला पोचलो. देवळाच्या तळ्याकाठी झाडाखाली घर उभं केलं नि आत गेलो. किट्टूच्या मुठीत पळी दिली, वरनं माझी मूठ, तिच्यावर ह्यांची. तेल पिंडीवरनं ओघळलं आणि खरंच जिरलं. मी फार काही मागितलं नाही. ह्याला राहू दे, एवढंच.

बाहेर आलो तर आमच्या घराला डावी भिंत नव्हती.

एक पांढरी गाय कापडाची पट्टी ओढून ओढून चघळत होती. वासरू आत डोकं घालून भेंडच्या भेंड खात होतं. मी ओरडले. माझ्यामागे दुसरं कुणीतरी त्याहून मोठ्यानं ओरडलं. एक म्हातारी, केस सुटलेले, धावत आली. मला वाटलं आता माफी मागेल. तिनं येऊन ह्यांचा सदराच धरला.

"काय लावलंय ह्याला? खळ ना? तुत्तम् घातलंय का तिच्यात? सांग!"

तुत्तम् म्हणजे मोरचूद.

"माझी एकच गाय आहे रे! खळीत सगळेच घालतात! बोल ना, तोंड शिवलंय का?"

सदरा तिच्या मुठीत आणि डोळे गाईच्या तोंडावर. ते डोळे मला ओळखीचे वाटले.

"नाही घातलं, पाट्टी," हे त्या आजीला म्हणाले. "चिंचोके, गूळ आणि पेज, एवढंच. मुलगा चाटतो म्हणून हिनं घालू दिलं नाही."

म्हातारी माझ्याकडे वळली. "खरं?"

"किट्टूची शपथ," मी म्हटलं. आजवर मी त्याची शपथ कधी घेतली नव्हती.

ती मटकन खाली बसली. गाईच्या गळ्यात हात टाकले. मग एकदम हसायलाच लागली. "गूळ! मेली मग सोडेल कशी! राणीसारखी जेवलीय!"

तिनं आम्हांला सोडलंच नाही. तळ्याशेजारीच तिचं घर. तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसवलं, आतनं पाण्याचा तांब्या आणला नि माझ्यापुढे ठेवला. आमची मडकी त्या गडबडीत लवंडली होती. किट्टू पाणी पाणी करत होता. मी तांब्याकडे बघत राहिले.

"पाट्टी, उकळून द्याल?" मी अंग चोरून विचारलं.

ती रागावली नाही. तांब्या उचलला, चूल फुंकली. पाठमोरीच म्हणाली, "तुझं गेलंय का एखादं?"

"एक. मुलगी."

"माझी दोन."

पाणी उकळलं. तिनं पेलाही उकळत्या पाण्यात बुडवला, मी न सांगता. किट्टू गटागटा प्याला. मग तिनं गाय पिळली आणि दूध तापवून दिलं. हे हळूच म्हणाले, "आपलंच घर परत मिळतंय." मी डोळे वटारले, पण हसू आलं.

जेवलो, तिच्याच चटईवर दुपारी पडलो. उन्हं कलली तसे निघालो. परतीला घर कसलं, सांगाडा! वर माझं जुनं लुगडं बांधलं, खाली म्हातारीनं दिलेल्या दोन विटा. रस्त्यावरची पोरं मागे धावत आली. येऊ दिली.

घरी आत्याबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, पण खळीला गाय लागेल कशी? मोरचूद नव्हतं घातलं?"

"विसरलो," हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

दोन दिवस मी ह्यांना दरएका गोष्टीवरनं बोलत आले होते, वाऱ्यावरनं, मुंग्यांवरनं, कॉफीवरनं. ती पुडी अजून ह्यांच्या खिशात होती. वाटेत एकदा तरी काढून दाखवायची होती, हे घातलं असतं तर ना मुंग्या, ना गाय. ह्यांच्या जागी मी दाखवली असती.

"विसरले नाहीत," मी म्हटलं. "मी घालू दिलं नाही."

आत्याबाई पाणी तापवायला आत गेल्या.

सांगाडा परसात आहे, सरपण आणायला बरा पडतो. तुम्ही घर करणार असाल तर रंग पुरता आणा, दवाच्या दिवसांत जाऊ नका, आणि देवळात जाताना घरापाशी माणूस ठेवा. मोरचुदाचं तुमचं तुम्ही बघा.

परत आलो त्या रात्री भेंडाचा एक उरलेला तुकडा चटईत निघाला. किट्टूनं तो उचलला आणि चाटायला लागला. मी बघितलं. त्यावर वाटेतली धूळ होती, गाईची लाळही असेल. चाटू दिला.