बपेऱ्याच्या लग्नातला गोरा फोटो

बपेऱ्याच्या लग्नातला तो ग्रुप फोटो निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. तुमसर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो.

आंबागडच्या एका घरातून भरदुपारी पितळेची भांडी चोरीला गेली. जंगलकामावरच्या मुकादमाने ठाण्यात येऊन खबर दिली. आपण दुपारभर गावातच होतो, गालावर भाजल्याचा डाग असलेल्या एका मजुराला गाठोडं घेऊन पळताना पाहिलं, असं त्याने सांगितलं. मजुराला अटक झाली. मुकादमाला तोंडावर उलट बोलणारा गावात हाच एक होता, हे मला मागाहून कळलं.

चौकशीत मजूर एकच सांगत राहिला, त्या दुपारी मी बपेऱ्याला लग्नात होतो. त्याच्या आईने नवरदेवाकडून फोटो मागून आणला. हवालदाराने भिंग लावलं. चेहरा मिळताजुळता, पण गाल स्वच्छ. हा तुझा चुलतभाऊ, म्हणून त्याने फोटो बाजूला सारला.

कोठडीतला माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, याच्यात त सारेच गोरे हायेत. आमच्यात इतका गोरा कोन हाये? आमचा आजा पाहा, इंग्रज दिसून राहिला."

हवालदार हसला. मी मात्र फोटो पुन्हा पाहिला. आजोबांच्या कपाळावर एक सुरकुती नव्हती. मागची चुन्याची भिंत तर कोऱ्या कागदासारखी.

फोटोग्राफरला निगेटिव्हसकट बोलावलं. त्याने काही लपवलं नाही. "नवरी काळी दिसली त लोक फोटो घेत नाहीत, साहेब. म्हणून मी कागदाले उजेड कमी देतो, अन् डेव्हलपरच्या पाण्यातून लवकर उचलतो. मंग कागद काळा होत नाही, चेहरे गोरे निघतात."

त्याच निगेटिव्हचा दुसरा प्रिंट माझ्यासमोर काढायला लावला, पुरता उजेड देऊन. लाल दिव्याखाली, तबकातल्या पाण्यात आधी नवरीचा सावळा चेहरा उमटला, मग मजुराच्या गालावरचा डाग. आणि शेवटी, कोऱ्या वाटणाऱ्या भिंतीशी पांढऱ्या टोपीतला एक माणूस. खबर देणारा तोच मुकादम!

प्रिंट पुढे ठेवताच तो कबूल झाला. दुपारभर तोही लग्नातच होता; संध्याकाळी गावी परतल्यावर त्याला चोरी कळली होती, आणि डोक्यातला राग काढायची संधी मिळाली होती. खरा चोर पुढे भंडाऱ्याच्या भांडेबाजारात माल विकताना सापडला.

मी स्पष्टच लिहितो. गोऱ्या कातडीच्या या खुळापायी एक निरपराध माणूस तुरुंगात सडला असता, आणि याची लाज फोटोग्राफरने एकट्याने का बाळगावी? असा फोटो हौसेने मागून घेणारे आपण सगळेच. पुढे नोकरीभर कुणीही फोटो पुढे केला की मी आधी निगेटिव्ह मागत असे.

नवरीकडच्यांनी नवा प्रिंट नाकारला. पोरगी काळी दिसते म्हणाले. मजुराने मात्र सुटल्यावर फोटोग्राफरकडून त्याची एक प्रत काढून घेतली.

"याच्यात मी हावो," एवढंच म्हणाला.