पहिल्या नंबराची लंगडी

नेवाशाच्या पलीकडं एका वस्तीवर गोजरबाई बावीस वर्षं अंगणवाडी चालवतात. आवाज असा की खिचडी शिजली हे शेजारच्या वस्तीलाही कळतं. भ्यायच्या कुणाला नाहीत, सुपरवायझर मॅडमलासुद्धा नाही. पण यंदा त्यांना एका साडेपाच वर्षांच्या पोरीनं पार हलवून टाकलं.

ती सुकन्या. गुबगुबीत, बडबडी, गाण्यात सगळ्यांच्या पुढं. पहिलीच्या तयारीचा मेळावा पंधरा दिवसांवर आला होता, म्हणून बाईंनी पोरांकडून लंगडी, उड्या असं सगळं करून घ्यायला सुरुवात केली. सुकन्यानं एक पाय उचलला आणि धपकन बसली. पुन्हा उचलला, पुन्हा बसली. मग भिंतीशी जाऊन म्हणाली, "बाई, मी नुसत्या टाळ्या वाजवते."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कारण हे दुखणं त्यांनीच लावलं होतं. चार वर्षांपूर्वी सुदृढ बालक स्पर्धेत त्यांनी पोरं काट्यावर घातली आणि सगळ्यांत जड भरली तिला पहिला नंबर देऊन टाकला. हार, स्टीलचा डबा, फोटो! सुकन्याची आजी दगडाबाई हिनं तो फोटो दारावर लावला आणि त्या दिवसापासून नात काही खाली ठेवली नाही. अंगणवाडीत कडेवर, शेतात कडेवर. पोरगी चालली तर झिजंल, वजन उतरलं तर नंबर जाईल, असा तिचा हिशेब. कडेवर राहून पाय कच्चे, पाय कच्चे म्हणून पोर बसून, आणि बसून बसून आणखी जड.

संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या. "मावशी, चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "मी काटा बघितला, पाय न्हाई बघितले."

दगडाबाई ऐकेल तर शपथ. पोरीला दृष्ट लावायला आलात का म्हणाली, चहासुद्धा विचारला नाही. बाई तणतणत परतल्या.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई नातीला घेऊन आली, तेव्हा बाई अंगणात ठिकरीची सहा घरं आखून स्वतःच लंगडत होत्या, तेही मुद्दाम रेघांवर पाय देत. दगडाबाई माहेरची पट्टीची ठिकरीवाली. तिला ते बघवेना. नातीला खाली ठेवलं, पदर खोचला आणि साठीची बाई एका पायावर सहाही घरं पार करून गेली. पोरं खिदळली, सुकन्या सगळ्यांत जास्त. मग ती आपणहून आजीचं बोट धरून पहिल्या घरात उभी राहिली. पुढं रोज सकाळी दोघींचा हाच उद्योग.

मेळाव्यात काट्यावर सुकन्या पूर्वीपेक्षा पावशेर जास्तच भरली. लंगडीत चौथ्या घरात डगमगली, हात पसरले, सावरली आणि सहावं घर ओलांडलं. गोजरबाईंना रडू फुटलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर खुशाल रडून घेतलं.

मेळावा उठल्यावर दगडाबाई सवयीनं नातीला कडेवर घ्यायला कंबर वाकवून पुढं झाली. सुकन्यानं मान हलवली.

"आजे, तुझे गुडघे दुखत्यात. तू ये हळूहळू, मी फुडं थांबते."

आणि गेलीसुद्धा, उड्या मारत. दगडाबाई तशीच वाकून उभी. चार वर्षांत पहिल्यांदा घरी निघताना तिच्या कडेवर कुणी नव्हतं आणि तिला काही सुचेना. गोजरबाईंनी मेळाव्याची गुंडाळलेली सतरंजी तिच्या कडेवर दिली आणि दोघी हसत पोरीच्या मागं निघाल्या.